शटडाऊनमध्ये कार्यालय थांबते, मुदत थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत सरकारी शटडाऊन लागला की मराठी वृत्तपत्रांत विमानतळांवरच्या रांगांची छायाचित्रे येतात, रद्द झालेल्या उड्डाणांचे आकडे येतात आणि पगाराविना राबणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांची कहाणी येते. ते सगळे खरे असते. मात्र त्याच काळात पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडची जी मुले फ्लोरिडा, टेक्सास किंवा ॲरिझोनात विमान चालवायला शिकत असतात, त्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो: ‘आता पुढे काय?’ त्याचे उत्तर बातम्यांत सापडत नाही. एजंटांकडून मिळणारी उत्तरे दोन टोकांची असतात. एक म्हणतो, सगळे बंद. दुसरा म्हणतो, काही फरक पडत नाही. दोन्ही चूक आहेत. वैमानिक प्रशिक्षण आणि परवाना-रूपांतराचे (परदेशी परवान्यावरून भारतीय परवाना मिळवण्याचे) काम जवळून पाहणारे आम्ही काही जण या पत्रातून नेमके काय थांबते आणि काय चालू राहते ते मांडत आहोत.

आधी हे घडते कसे ते पाहू. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लेखानुदान घेतात आणि सरकारचा गाडा चालू राहतो. अमेरिकेत आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्या दिवसापर्यंत काँग्रेसने निधीचा कायदा किंवा निदान तात्पुरती मुदतवाढ मंजूर केली नाही, तर खात्यांना खर्च करण्याचा अधिकारच उरत नाही. तिथल्या जुन्या ‘अँटिडेफिशिअन्सी’ कायद्यानुसार मंजुरीविना खर्च करता येत नाही, आणि कर्मचाऱ्याने स्वखुशीने फुकट केलेले कामही खात्याला स्वीकारता येत नाही. मुख्य अपवाद एकच, माणसाचा जीव किंवा मालमत्ता वाचवण्याचे काम. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून शटडाऊन हा प्रकार आजच्या रूपात आला. नियंत्रक जीव वाचवतो, म्हणून तो बिनपगारी कामावर. परवान्याचा अर्ज तपासणारा कारकून कोणाचा जीव वाचवत नाही, म्हणून तो घरी. वैमानिकांना बसणारा फटका समजून घ्यायचा तर ही एक रेघ लक्षात ठेवावी.

त्या घरी बसलेल्या कारकुनाला कार्यालयाची ई-मेलही उघडता येत नाही. म्हणून ‘आमची आत ओळख आहे, शटडाऊनमध्येही काम करून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला तर पैसे खिशातच ठेवावेत.

अलीकडची उदाहरणे घ्यायची तर २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये १६ दिवस, २०१८-१९ मध्ये २२ डिसेंबरपासून २५ जानेवारीपर्यंत ३५ दिवस, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस. हा शेवटचा तोवरचा सर्वांत लांब. त्यात एफएए, म्हणजे तिथले हवाई प्रशासन, याचे सुमारे ११ हजार कर्मचारी घरी पाठवले गेले आणि १३ हजारांहून अधिक नियंत्रक पगाराविना काम करत राहिले. २०११ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे दोन आठवडे एफएएचे काही काम ठप्प झाले होते, पण तो प्रकार वेगळा: तेव्हा वार्षिक निधी अडला नव्हता, एफएएला अधिकार देणाऱ्या कायद्याचीच मुदत संपली होती.

ज्याच्याकडे परवाना आहे अशा खासगी वैमानिकाचे रोजचे उडणे शटडाऊनमध्ये बहुतांश तसेच चालते. दर २४ महिन्यांनी लागणारा फ्लाइट रिव्ह्यू प्रशिक्षक घेतो आणि त्याची नोंद लॉगबुकात होते. त्यात कार्यालयाचा संबंध नाही. प्रवासी बसवायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, हा हिशेब वैमानिकाने स्वतःच ठेवायचा. विमानाची वार्षिक तपासणी अधिकृत मेकॅनिक करतो. हवामानाची माहिती आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) चालू राहतात. खासगी वैमानिकांसाठी २०१७ पासून असलेली ‘बेसिकमेड’ सोय तर अशा वेळी वरदानच. दर ४८ महिन्यांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन पाठ, एवढ्यावर भागते. एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय विभागाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. अट अशी की १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी एकदा एफएएचे रीतसर मेडिकल झालेले असावे. नव्याने शिकणाऱ्याला म्हणूनच ही वाट थेट मिळत नाही.

आकाशात फरक पडतो तो नियंत्रक कमी झाल्यावर. ६ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या बरबँक विमानतळाचा टॉवर काही तास नियंत्रकाविना होता. अशा वेळी वैमानिक रेडिओवर स्वतःची जागा आणि इरादा सांगत उतरतात, जे छोट्या धावपट्ट्यांवर रोजच चालते, पण वर्दळीच्या विमानतळावर नवशिक्याच्या अंगावर काटा आणते. ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवर विमान कंपन्यांची उड्डाणे आधी ४ टक्के आणि मग ६ टक्के कमी करण्याचा आदेश निघाला. त्याच आदेशात दृश्य नियमांनी उडणाऱ्या छोट्या विमानांना सेवा नाकारण्याची मुभाही होती, आणि पुढे १२ मोठ्या विमानतळांवर खासगी विमानांना जवळपास मज्जावच झाला. विद्यार्थ्याच्या भाषेत याचा अर्थ असा: इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (केवळ उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेसाठी) सराव अप्रोच, म्हणजे उतरण्याच्या मार्गाचा सराव, हवे असतील तर नियंत्रक ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हणतो आणि विषय संपतो. लांबच्या छोट्या विमानतळावर जाऊन तेच अप्रोच करायचे, म्हणजे जाण्या-येण्याचे इंधन आणि विमानाचे भाडे वाढले. २५ जानेवारी २०१९ ला नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे येणारी उड्डाणे रोखावी लागली आणि त्याच दिवशी शटडाऊन मिटवण्याची घोषणा झाली. परवान्यांच्या अर्जांचा ढीग पाहून मात्र कोणी शटडाऊन मिटवल्याचे ऐकिवात नाही.

आता शिकणाऱ्याकडे वळू. इथे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते, कारण प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा आहे.

व्हिसा आणि आय-२० (शाळेने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र) यांच्याशी संबंधित यंत्रणा मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी सेव्हिस प्रणाली, स्थलांतर खात्याकडचे मुदतवाढीचे अर्ज आणि मुंबईतल्या वकिलातीतल्या मुलाखती साधारणपणे चालू राहतात. परदेशी विद्यार्थ्यांची सुरक्षा-तपासणी टीएसए करते. ते खाते एफएएचे नाही, गृहसुरक्षा विभागाचे आहे, म्हणून तिची स्थिती वेगळी विचारावी लागते. ही मंजुरी येण्याआधी शाळेला पहिला परवाना, इन्स्ट्रुमेंट किंवा मल्टी-इंजिन रेटिंगचे उड्डाण-प्रशिक्षण सुरूच करता येत नाही. बोटांचे ठसे आणि कागदपत्रे भारतातून निघण्यापूर्वीच मार्गी लावावीत हे आम्ही शटडाऊन नसतानाही सांगतो.

पुढचा कागद स्टुडंट पायलट सर्टिफिकेट. अर्ज आयएसीआरए या संगणक प्रणालीवर भरायचा, प्रशिक्षकाने ओळख पटवायची, तपासणी होऊन मग ओक्लाहोमा सिटीतून ते निघते. प्रशिक्षक शेजारी बसलेला असेल तर हे सर्टिफिकेट नसतानाही उडता येते. एकट्याने उडायला मात्र ते जवळ असलेच पाहिजे. म्हणजे ही शाखा थांबली की शिक्षण पूर्ण थांबत नाही, पण सोलो अडते. पार्ट ६१ या नियमावलीखाली प्रायव्हेट परवान्याला १० तास सोलो लागतात, त्यातले ५ तास क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतचे उड्डाण), आणि त्यात एक फेरी किमान १५० सागरी मैलांची. सोलोला तयार झालेला विद्यार्थी तीन आठवडे प्रशिक्षकासोबत तेच ते सर्किट मारत राहिला तर प्रत्येक तासाचे विमानभाडे वर प्रशिक्षकाचे पैसे जातात, आणि त्या तासांनी सोलोची अट एक मिनिटानेही पुढे सरकत नाही. अशा वेळी शहाणी शाळा क्रम बदलते. ज्याचे सोलो अडले त्याचे रात्रीचे उड्डाण, बाहेरचे दिसू नये म्हणून हूड लावून उपकरणांवरचे ३ तास, प्रशिक्षकासोबतची क्रॉस-कंट्री आणि लेखी परीक्षा आधी उरकून घेते. तुमची शाळा असे करते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. उत्तराला अडखळले तर ओळखून असावे.

लेखी परीक्षा खासगी केंद्रांवर होते. तिचा निकाल २४ कॅलेंडर महिने टिकतो आणि या मुदतीत चेकराइड (परवान्याची तोंडी आणि उड्डाण परीक्षा) पार पडली पाहिजे. ज्यांनी घाईने भारतातून जाऊन आधीच्या एखाद्या फेरीत परीक्षा देऊन ठेवली, त्यांचा निकाल नेमका शटडाऊनच्या तोंडावर संपण्याच्या बेतात असतो. संपला की परीक्षा पुन्हा.

चेकराइड घेणारे परीक्षक, ज्यांना सगळे डीपीई म्हणतात, हे सरकारी नोकर नाहीत. एफएएने नेमलेले खासगी परीक्षक आहेत, विद्यार्थ्याकडून फी घेतात आणि शटडाऊनमध्येही परीक्षा घेऊ शकतात. म्हणून ‘चेकराइड बंद’ ही अफवा असते. पण डीपीईवर देखरेख करणारा अधिकारी स्थानिक कार्यालयात, म्हणजे बोलीभाषेत ‘फिझ्डो’त बसतो. डीपीईला प्रत्येक परीक्षेआधी प्रणालीत पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि त्याची स्वतःची नेमणूकही वेळोवेळी नूतनीकृत व्हावी लागते. नेमणुकीची तारीख शटडाऊनमध्ये आली की तो परीक्षक बाजूला होतो आणि त्याच्या रांगेतले विद्यार्थी दुसऱ्याच्या रांगेत जातात. फ्लोरिडात आणि टेक्सासमध्ये डीपीईची तारीख एरवीही आठवडे-आठवडे मिळत नाही.

या रांगेत खरे नुकसान होते ते मुदतींचे. प्रायव्हेटच्या चेकराइडसाठी प्रशिक्षकासोबत तयारीचे ३ तास झालेले असावे लागतात आणि ते परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आत बसले पाहिजेत. नोव्हेंबरात परीक्षा असेल तर १ सप्टेंबरपासूनचे तास धरतात. परीक्षा डिसेंबरात ढकलली तर सप्टेंबरचे तास बाद. प्रशिक्षकाची सही पुन्हा, पैसे पुन्हा. आणखी एक खाच: तोंडी परीक्षा झाली, उड्डाणाच्या वेळी ढग खाली आले, तर परीक्षक डिसकंटिन्युअन्सचे पत्र देतो. झालेल्या भागाचे श्रेय ६० दिवस टिकते. नापास झालेल्याला मिळणाऱ्या पत्राचेही तसेच. ६१ व्या दिवशी सगळी परीक्षा पहिल्यापासून. ४३ दिवसांचा शटडाऊन त्या ६० दिवसांत किती जागा खातो हे सांगायला नको.

पास झाल्यावर परीक्षक तिथल्या तिथे तात्पुरता परवाना देतो. तो जास्तीत जास्त १२० दिवस चालतो आणि तेवढ्यात प्लास्टिकचे कार्ड टपालाने यावे अशी अपेक्षा असते. २० सप्टेंबरला मिळालेला तात्पुरता परवाना १८ जानेवारीला संपतो. मधले ४३ दिवस अर्जाला कोणी हातच लावला नाही आणि नंतर मागच्या साठ्याची रांग लागली, तर कार्ड त्या तारखेआधी येईल याची खात्री नाही. मुदत संपल्यावर कार्ड नसेल तर उडता येत नाही. संपण्याआधी दुसरा तात्पुरता परवाना मागून घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कागदाची प्रत, आयएसीआरएचा अर्ज क्रमांक आणि परीक्षेची तारीख हाताशी हवी. शंभरावा दिवस उलटला आणि कार्ड नाही, तर हालचाल करावी. आणि पत्ता! मुले वसतिगृह सोडतात, मित्रांच्या खोलीत जातात आणि कार्ड जुन्या पत्त्यावर पडून राहते. हा दोष शटडाऊनचा नाही, पण खापर त्याच्यावर फुटते.

मेडिकलमध्ये दोन स्पष्ट गट पडतात. निरोगी उमेदवाराला एफएएने मान्यता दिलेला डॉक्टर, एएमई, तपासणीनंतर तिथेच प्रमाणपत्र देतो. तो खासगी डॉक्टर आहे, त्याचा दवाखाना चालू असतो. फक्त मेडएक्सप्रेस या एफएएच्या संकेतस्थळावर भरलेला फॉर्म ६० दिवसांच्या आत वापरला गेला पाहिजे. दुसरा गट डिफर झालेल्यांचा: इन्सुलिनवरचा मधुमेह, हृदयविकाराचा इतिहास, एडीएचडीची किंवा नैराश्याची औषधे. अशी प्रकरणे डॉक्टर स्वतः निकाली काढू शकत नाही. ती ओक्लाहोमा सिटीला जातात, तिथून आणखी अहवाल मागवले जातात आणि महिने लागतात. शटडाऊन संपला म्हणून फाईल जिथे होती तिथून लगेच सुरू होत नाही, आधी ढीग उपसला जातो. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या प्रकृतीत असा काही मुद्दा आहे त्याने विमानाचे तिकीट काढण्याआधी मेडिकल हाती घ्यावे. एएमई भारतातही आहेत. अहवाल इथे, ओळखीच्या डॉक्टरकडून मिळवणे परदेशातून मागवण्यापेक्षा सोपे जाते. औषध लपवून फॉर्म भरण्याचा सल्ला देणारे एजंट आहेत; तो सल्ला मानणारा शटडाऊनपेक्षा मोठ्या संकटात सापडतो, कारण खोटी माहिती देणे हा तिथे गुन्हा आहे.

या सगळ्यावर एक घड्याळ कायम टिकटिकत असते, एम-१ या व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसाचे. या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष राहता येते. एफएए बंद होती म्हणून स्थलांतर खाते आपोआप दिवस वाढवून देत नाही. मुदतवाढ शाळेच्या अधिकाऱ्यामार्फत आणि मुदत संपण्यापूर्वी मागावी लागते. त्यासाठी विलंबाचे ठोस शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण कागदावर दाखवता आले पाहिजे. म्हणून शटडाऊनच्या पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याने आणि शाळेने नोंद ठेवावी: कोणता अर्ज कोणत्या तारखेला भरला, कोणाकडून काय उत्तर आले, कोणती चेकराइड कोणत्या कारणाने पुढे गेली. हवामानामुळे गेलेले दिवस वेगळे लिहावेत. सगळेच शटडाऊनच्या नावावर घातले की अर्जातली खरी बाबही संशयास्पद दिसते.

शाळेचीही तारीख पाहावी. पार्ट १४१, म्हणजे मंजूर अभ्यासक्रमाच्या शाळांची नियमावली, याखालच्या शाळेचे प्रमाणपत्र २४ कॅलेंडर महिन्यांचे असते आणि नूतनीकरण फिझ्डो करते. ते रखडून प्रमाणपत्र संपले तर शाळेला पार्ट १४१ च्या सवलती देता येत नाहीत. कमर्शियलला १९० तासांऐवजी २५० तास लागतात, प्रायव्हेटला ३५ ऐवजी ४०. भारतीय विद्यार्थ्याला डीजीसीए, म्हणजे आपले हवाई नियामक, याच्यासाठी तसेही २०० तास करायचेच असतात, म्हणून १९० ते २०० चा फरक कोणी मोजत नाही. पण २०० चे २५० झाले तर खर्च थेट काही लाखांनी चढतो. प्रवेश घेताना प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरची तारीख वाचावी. कर्ज देणाऱ्या बँकेनेही ती मागायला हरकत नाही.

आता भारतात परतल्यावरचा भाग. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. एफएएचा कमर्शियल परवाना घेऊन आलेल्याला डीजीसीएचा परवाना हवा असतो. त्यासाठी डीजीसीएच्या लेखी परीक्षा, भारतीय क्लास-१ मेडिकल, आरटीआर (रेडिओ वापरण्याचा परवाना), स्किल टेस्ट (उड्डाणाची परीक्षा) हे सगळे करावे लागते, आणि एक गोष्ट उमेदवाराच्या हातात नसते: परवाना खरा आहे याची अमेरिकेकडून खातरजमा. तिथली वैमानिक-प्रमाणपत्र शाखा ते पत्र पाठवते आणि ते आल्याशिवाय इथली फाईल पुढे जात नाही. ती शाखा बंद किंवा अर्ध्या माणसांवर असेल, तर धुळ्याच्या किंवा बारामतीच्या धावपट्टीवर स्किल टेस्ट देऊन आलेला मुलगा घरी बसतो.

बसायला हरकत नव्हती, पण डीजीसीएच्याही मुदती आहेत. कमर्शियलसाठी विमानाचे कप्तान म्हणून १०० तास लागतात आणि त्यातले किमान १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत केलेले असावे लागतात. स्किल टेस्टही सहा महिन्यांतली लागते. परदेशातून येताना उमेदवार शेवटचे तास भराभर उरकून आलेला असतो. इथे परीक्षांचा एखादा निकाल राहिला, मग पडताळणीचे पत्र लांबले, की ते १५ तास शिळे होतात. मग गोंदिया, धुळे, बारामतीकडे भाड्याचे विमान शोधा, पुन्हा तास उडवा, पुन्हा टेस्ट द्या. मल्टी-इंजिन विमानाच्या तासाचा दर ज्याने भरला आहे त्याला याची किंमत विचारावी.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. कमर्शियल परवान्याचे कार्ड हातात पडताच, अमेरिकेत असतानाच, पडताळणीची विनंती सही करून पाठवावी. नाव पासपोर्टवर, एफएएच्या कार्डावर आणि डीजीसीएच्या कॉम्प्युटर नंबरच्या नोंदीत अक्षर न् अक्षर सारखे असावे. आपल्याकडे आई-वडिलांची नावे जोडून तीन-चार शब्दांचे नाव असते, तिकडे मधले नाव गाळले जाते आणि पडताळणी नावाच्या मेळावरच अडकते. डीजीसीएच्या लेखी परीक्षा जाण्यापूर्वीच देऊन टाकाव्यात. आणि ते १५ तास शेवटी राखून ठेवावेत. सगळे तास पहिल्या आठ महिन्यांत संपवून नंतर कागदांची वाट पाहत बसणे हा सर्वांत महाग मार्ग.

उलट्या दिशेनेही हेच. भारतीय प्रायव्हेट परवाना असलेला कोणी न्यू जर्सीला मुलीकडे जातो आणि तिथे सेसना उडवावे असे मनात आणतो. भारतीय परवान्याच्या आधारे एफएएचे प्रमाणपत्र मिळते. पण आधी ओक्लाहोमा सिटीला अर्ज, मग त्यांनी डीजीसीएकडून खातरजमा करायची, मग सहा महिने चालणारे पत्र आणि मग फिझ्डोत समक्ष भेट. एफएए स्वतःच ९० दिवस आधी अर्ज करायला सांगते. शटडाऊनमध्ये अशा भेटीची आशा ठेवू नये. सुट्टी ऑक्टोबरात घेत असाल तर पत्र सप्टेंबर अखेरीआधी हातात असावे. शिवाय २०२५ पासून अमेरिकेबाहेरचा पत्ता असलेल्या एफएए परवानाधारकाला कायदेशीर कागद स्वीकारणारा एक अमेरिकी प्रतिनिधी नोंदवावा लागतो. भारतात परतलेली अनेक मुले हे विसरतात. तो नोंदवल्याशिवाय परवाना वापरता येत नाही.

विमानाच्या कागदांचे थोडक्यात. २०१३ मध्ये विमान-नोंदणीचे कार्यालयच बंद पडले होते. नोंदणीविना विमान विकता येईना, कर्जाचा बोजा नोंदवता येईना, नवी विमाने कारखान्यांच्या दारात उभी राहिली. उत्पादक आणि विक्रेत्यांनी मोठा आवाज उठवला आणि २०१८ च्या कायद्यात नोंदणीचे काम शटडाऊनमध्येही चालू ठेवण्याची तरतूद झाली. म्हणजे इच्छा असली की कागदाचे कामही ‘अत्यावश्यक’ ठरते. विद्यार्थ्यांमागे असा आवाज नाही. वार्षिक तपासणी चुकलेले विमान दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी लागणारी विशेष उड्डाण-परवानगी फिझ्डो देते. शटडाऊनच्या तोंडावर तपासणीची तारीख असलेली विमाने शाळेने आधीच हँगरात घ्यावीत. नाहीतर दहा विमानांच्या शाळेत उडणारी सहाच उरतात आणि वेळापत्रकाचा बोजवारा उडतो.

पैशाचेही एक बोलायला हवे. २०१९ च्या कायद्याने घरी बसलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना शटडाऊननंतर थकलेला पगार देण्याची हमी दिली. तासावर पैसे मिळवणाऱ्या प्रशिक्षकाला, रद्द झालेल्या परीक्षेच्या डीपीईला आणि खोलीचे भाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला अशी हमी नाही. शैक्षणिक कर्जाचा अंदाज करताना आम्ही पालकांना दोन महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च आणि साधारण १५ तासांच्या विमानभाड्याएवढी रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. ती लागली नाही तर उत्तमच.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. शटडाऊनची चिन्हे दिसू लागली की अमेरिकेचे परिवहन खाते कोणते काम चालू राहील आणि कोणते थांबेल याचा आराखडा संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. त्यात एफएएचे स्वतंत्र पान असते आणि दर वेळी मजकूर बदलतो. २०१८-१९ चा आराखडा पाहून २०२५ चा अंदाज बांधणारे फसले. बातमीत त्या पानातली वैमानिक-प्रमाणपत्र, मेडिकल आणि फिझ्डो या तीन शीर्षकांखालची माहिती चार ओळींत दिली तरी पुरे. हे आराखडे बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतात.

आपले नम्र,
वैमानिक प्रशिक्षण व परवाना-रूपांतराशी संबंधित काही वाचक
पुणे